ठळक छापलेला आकडा

आईच्या रक्ततपासणीचा अहवाल हातात आला तेव्हा माझी नजर थेट एका ओळीवर गेली, कारण तेवढीच ओळ ठळक छापलेली होती. थायरॉईडच्या तपासणीतला टीएसएच, ७.१. शेजारच्या रकान्यात वरची मर्यादा दिलेली होती, ४.२. आई तेव्हा ८६ वर्षांची होती आणि गेले आठ-नऊ महिने दिवसातून दहा-बारा वेळा एकच प्रश्न विचारत होती, "दार लावलंस का?" उत्तर दिले की तिचे समाधान होई, आणि पाऊण तासाने तोच प्रश्न तितक्याच काळजीने पुन्हा येई. तो ठळक आकडा पाहून खरे तर मनात चर्र व्हायला हवे होते, पण मला हायसे वाटले. आईच्या विसरण्याला कारण सापडले, कारणाला नाव आहे, आणि त्या नावाची गोळी मिळते, असे मला त्या क्षणी वाटले. त्या हायसे वाटण्याबद्दल मी पुढे पुष्कळ विचार केला. हा लेख त्यातूनच आला आहे.

माझी आशा निराधार नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. थायरॉईड ग्रंथीचा स्राव खरोखरच आटला तर माणसाची बुद्धी मंदावते, ही गोष्ट वैद्यकाला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. विल्यम गल या इंग्रज वैद्याने १८७३ मध्ये अशा प्रौढ स्त्रियांचे वर्णन केले होते, ज्यांचे चेहरे सुजत गेले, बोलणे जड झाले आणि मन सुस्तावले. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचायला सुरुवात केली. ती बाई सुधारली आणि पुढे २८ वर्षे जगली. १९४९ मध्ये रिचर्ड ॲशर यांनी १४ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या रुग्णांचा भ्रम मनोविकाराचा वाटत होता, पण तो मुळात थायरॉईडच्या अभावातून आलेला होता आणि त्यांपैकी बहुतेकांना उपचारांनी उतार पडला. विस्मरणाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक वृद्धाची टीएसएच आणि बी-१२ तपासणी आजही करतात ती याच अनुभवामुळे, आणि ती केलीच पाहिजे.

मात्र या कथांमधले रुग्ण कोण होते, हे मी तेव्हा लक्षात घेतले नाही. ते बहुधा मध्यम वयाचे होते, आणि त्यांची ग्रंथी जवळजवळ बंद पडलेली होती. माझ्या आईची ग्रंथी चालू होती. अहवालात टीएसएचच्या खालीच टी-४ची ओळ होती आणि ती साध्या अक्षरांत छापलेली होती, म्हणजे प्रत्यक्ष थायरॉईड संप्रेरक मर्यादेत होते. टीएसएच हे थायरॉईडचे संप्रेरक नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ते तयार करते आणि थायरॉईडला कामाला लावते. रक्तात थायरॉईड संप्रेरक कमी पडते असे पीयूषिकेला वाटले की ती टीएसएच वाढवते. आईच्या बाबतीत हाक जरा मोठ्याने दिली जात होती, पण काम होत होते. वैद्यकात या अवस्थेला वेगळे नाव आहे, तिचा खुलासा कोणीही केला असता. मी विचारलाच नाही, कारण मला ठळक ओळ पुरेशी होती.

थायरॉईड संप्रेरकाची गोळी सुरू झाली. पहाटे उपाशीपोटी घ्यायची, नंतर अर्धा-पाऊण तास काही खायचे नाही, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास दूर ठेवायच्या, हे सारे मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवले. पहिल्या महिन्यात मला आई तरतरीत वाटली. आता वाटते, तरतरीत मी झाले होते. तिसऱ्या महिन्यात तिची झोप उडाली. रात्री दोन वाजता ती अंथरुणावर बसून छातीवर तळहात ठेवून म्हणायची, "आत काहीतरी धावतंय." नाडी मोजली तर शंभराच्या पुढे. दाराचा प्रश्न कमी झाला नव्हता, उलट आता तो रात्रीही येऊ लागला होता. ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना फोन केला, तेव्हा टीएसएच आता छान २.३ वर आला आहे, असे उत्तर मिळाले. आकडा खरोखर छान होता, पण आई छान नव्हती.

मग आम्ही वृद्धांवर उपचार करणाऱ्या एका ज्येष्ठ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि आईशी बोलायला सुरुवात केली. तीन शब्द सांगितले: घड्याळ, पाणी, खिडकी. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितले. आई आयुष्यभर हिशेब ठेवत आलेली बाई. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी इथपर्यंत ती भराभर गेली आणि मग थांबली, कारण किती वजा करायचे होते तेच तिला आठवेना. तीन शब्दांपैकी 'पाणी' तेवढे परत आले. मग त्यांनी कोऱ्या कागदावर वर्तुळ काढून दिले आणि त्यात घड्याळाचे आकडे भरायला सांगितले. आईने बारा लिहिले, एक लिहिला, दोन लिहिला, आणि प्रत्येक आकडा इतका जवळजवळ लिहिला की बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात मावले. डावी बाजू कोरी राहिली. तिने तो कागद समोर धरून पाहिला, काहीतरी चुकले आहे हे तिला कळले, पण काय चुकले ते कळले नाही. तिच्या चेहऱ्यावरचा तो अर्धा क्षण अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्यानंतर डॉक्टरांनी आईचा अहवाल उचलला, ४.२ या आकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, "ही मर्यादा कोणाच्या रक्तावरून ठरवली?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी खिशातले पेन काढून ७.१ च्या शेजारी लिहिले, 'वय ८६'.

त्या दोन शब्दांचा अर्थ मला पुढे वाचनातून उलगडत गेला. अहवालावरची मर्यादा बहुधा सर्व वयांच्या निरोगी प्रौढांना एकत्र धरून काढलेली असते, आणि त्यांत अतिवृद्ध थोडेच असतात. अमेरिकेतील एका मोठ्या आरोग्य सर्वेक्षणाची आकडेवारी २००७ मध्ये वयोगटांनुसार वेगळी करून पाहिली गेली, तेव्हा असे दिसले की थायरॉईडचा कोणताही आजार नसलेल्या ८० वर्षांपुढील लोकांत टीएसएचची वरची मर्यादा साडेसाताच्या आसपास जाते. म्हणजे वय वाढते तसा टीएसएचही वाढतो, आणि त्या वयाला ते स्वाभाविक असते. माझ्या आईचा ७.१ हा आकडा तिच्या समवयस्कांच्या रांगेत निमूट उभा होता. त्याला रांगेबाहेर काढले होते ते तरुणांसाठी आखलेल्या रेषेने.

या विषयावर जे काही मी वाचले, त्यात नेदरलँड्समधील लायडेन शहरातील अभ्यास मला सर्वांत जास्त भिडला. १९९७ ते १९९९ या काळात त्या शहरातील ज्या ज्या माणसाला ८५ वर्षे पूर्ण झाली, त्या प्रत्येकाकडे अभ्यासकांनी सहभागाची विचारणा केली आणि ५९९ वृद्ध तयार झाले. एरवी संशोधनात घेतले जाणारे वृद्ध निवडक असतात, ठणठणीत असतात, स्वतः चालत तपासणीला येऊ शकतात. इथे अंथरुणाला खिळलेले होते, विस्मरण झालेले होते, आणि अभ्यासक त्यांच्या दारी जात होते. त्यांपैकी ५५८ जणांच्या थायरॉईड संप्रेरकांची पातळी मोजली गेली आणि ते ८९ वर्षांचे होईपर्यंत दरवर्षी त्यांची स्मरणशक्ती, मनःस्थिती, रोजची कामे स्वतः करण्याची क्षमता तपासली गेली. निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. टीएसएच जास्त असलेल्यांची बुद्धी अधिक वेगाने ढासळली नाही, ते अधिक खिन्न किंवा अधिक परावलंबी झाले नाहीत. उलट ज्यांचा टीएसएच जास्त होता, ते अधिक काळ जगले.

हे वाक्य मी तीनदा वाचले. जो आकडा खाली आणण्यासाठी मी आईला पहाटे उठवत होते, तो वर असलेली माणसे जास्त जगली होती. यावरून वाढलेला टीएसएच आयुष्य वाढवतो असे म्हणता येत नाही. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. पण शंभरी गाठलेल्या अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य व पूर्व युरोपातल्या, ज्यू लोकांच्या अभ्यासातही शतायुषी लोकांचा टीएसएच इतरांपेक्षा चढा आढळला होता. काही अभ्यासकांना वाटते, की अतिवृद्ध शरीर आपली चयापचयाची आंच मुद्दाम मंद ठेवते, कारण इंधन थोडे उरले आहे आणि ते पुरवून वापरायचे आहे. हे सिद्ध झालेले नाही, पण मला ते पटण्यासारखे वाटते. म्हातारपणी माणूस जिना सावकाश चढतो, याला आपण बिघाड म्हणत नाही.

उपचारांच्या बाबतीत मात्र पुरावा अधिक थेट आहे. २०१७ मध्ये ६५ वर्षांपुढील ७३७ लोकांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. थायरॉईडची अशीच सौम्य गडबड असलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना खरी गोळी दिली होती, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. थकवा, थायरॉईडची लक्षणे, विचार करण्याचा वेग, कशातच फरक आढळला नाही. २०१९ मध्ये ८० वर्षांपुढील २५१ जणांचा वेगळा हिशेब मांडला गेला, त्यातही लक्षणांत वा थकव्यात फरक दिसला नाही. आणि मात्रा जास्त झाली तर काय होते हे जुनेच ज्ञान आहे: हृदयाची लय बिघडते, हाडे विरळ होतात, झोप जाते. आईच्या छातीत जे धावत होते, ते आमच्या घाईनेच तिथे घातलेले होते.

थायरॉईडपाशी मी थांबायला हवे होते, पण ठळक आकड्याच्या मागे धावण्याची ही ओढ माझी एकटीची आहे की जुनी आहे, हे मला जाणून घ्यायचे होते. ती फार जुनी आहे. १ जून १८८९ रोजी शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार या थोर शरीरशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये आपल्या सहकाऱ्यांपुढे सांगितले की त्यांनी कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला असून त्यांची शारीरिक शक्ती आणि बौद्धिक कामाची क्षमता परतली आहे. ते तेव्हा ७२ वर्षांचे होते. त्या अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतेच. पुढे लोकांनी त्यांना हसण्यावारी नेले, पण मला त्यांचे हसू येत नाही. आयुष्यभर बुद्धीवर जगलेल्या माणसाला ती निसटताना जाणवली आणि त्याने हातात जे होते त्याने ती धरून ठेवायचा प्रयत्न केला. माझा भिंतीवरचा कागद त्याहून वेगळा नव्हता.

त्यांचा प्रश्न सव्वाशे वर्षांनी नीट विचारला गेला. टेस्टोस्टेरॉन हे वृषणांतले संप्रेरक कमी असलेल्या आणि वयानुसार स्मरणशक्ती खालावलेल्या, ६५ वर्षांपुढील ४९३ पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचा लेप किंवा तसाच दिसणारा कोरा लेप दिला गेला. २०१७ मध्ये निकाल आला. रक्तातली पातळी तरुणांसारखी झाली, स्मरणशक्ती होती तिथेच राहिली.

स्त्रियांच्या बाबतीत धडा अधिक कठोर होता. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक इतके घटते की पुष्कळदा एखाद्या वृद्ध पुरुषाच्या रक्तात त्याच्या वयाच्या स्त्रीपेक्षा ते जास्त असते. इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांना स्मृतिभ्रंश कमी होतो, असे निरीक्षणांत दिसत होते, आणि तर्क सरळ होता: जे आटले ते भरून काढा. अमेरिकेत ६५ वर्षांपुढील ४,५३२ स्त्रियांवर चाचणी झाली, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन हे दुसरे स्त्रीसंप्रेरक एकत्र देऊन. सुमारे चार वर्षांत ६१ जणींना स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान झाले. त्यांपैकी २१ कोरी गोळी घेणाऱ्या होत्या, आणि ४० संप्रेरक घेणाऱ्या. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. आधीच्या निरीक्षणांत ज्या स्त्रिया संप्रेरके घेत होत्या, त्या अधिक शिकलेल्या, अधिक निरोगी, डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या होत्या. त्यांची बुद्धी टिकली ती बहुधा त्या कारणांनी, आणि श्रेय गोळीला मिळाले होते. त्याहून कमी वयात, रजोनिवृत्तीच्या सुमारास घेतलेल्या उपचारांची गोष्ट वेगळी आहे. तिथे या धोक्याचा पडताळा आलेला नाही, पण बुद्धीला फायदाही दिसलेला नाही. डीएचईए या संप्रेरकाची कथा याहून लहान आहे. विशीच्या सुमारास ते शिखरावर असते, सत्तरी-ऐंशीत त्याचा पाचवा भागही उरत नाही, आणि ते गोळीने भरून काढल्याने बुद्धी सुधारते असे चाचण्यांत दिसलेले नाही.

एक संप्रेरक मात्र उलट्या दिशेने जाते आणि त्याने मला सर्वांत जास्त विचारात पाडले. ताणाचे संप्रेरक, कॉर्टिसॉल. ते सकाळी जाग आल्यावर चढते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असते. वय वाढते तसा हा तळ वर येतो, म्हणजे वृद्ध शरीराला रात्रीची पुरती विश्रांती मिळत नाही. १९६८ मध्ये ब्रूस मॅक्युएन यांनी दाखवले की उंदरांच्या मेंदूत याच जातीचे संप्रेरक हिप्पोकॅम्पस या भागात जाऊन धरून बसते, आणि नव्या आठवणी साठवण्याचे काम नेमके याच भागाचे असते. १९९८ मध्ये सोनिया ल्युपियन आणि सहकाऱ्यांनी मॉन्ट्रियलमधील काही वृद्धांचे निरीक्षण मांडले: ज्यांचे कॉर्टिसॉल वर्षानुवर्षे चढत जाऊन उच्च राहिले, त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा १४ टक्क्यांनी लहान होता आणि त्यांची स्मरणशक्तीही उणी होती. माणसे मोजकीच होती, पण चित्र बोलके होते.

इथे तरी कारण सापडले असे मला वाटले. मग कळले की हिप्पोकॅम्पस स्वतःच कॉर्टिसॉलला लगाम घालतो. तो झिजला की लगाम सुटतो आणि कॉर्टिसॉल वाढते. मग आधी काय झाले, झीज की वाढ? बीज आधी की झाड आधी, हा प्रश्न इथे अक्षरशः उभा आहे. कॉर्टिसॉलची निर्मिती मेंदूत रोखणारी औषधे अल्झायमरच्या रुग्णांवर आजमावली गेली आणि त्यांचा उपयोग दिसला नाही.

हा गुंता सर्वच संप्रेरकांना लागू आहे, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म इथेच आहे. अल्झायमरची प्रक्रिया पहिले विस्मरण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू झालेली असते. त्या काळात वजन बदलते, झोप बदलते, हालचाल घटते, आणि यांतील प्रत्येक गोष्ट संप्रेरकांच्या पातळीला स्पर्श करते. शिवाय कोणतेही मोठे आजारपण थायरॉईड आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही खाली ओढते. ८५ व्या वर्षी घेतलेल्या रक्ताच्या थेंबात मेंदूच्या आजाराचे कारण असू शकते, त्याचा परिणामही असू शकतो, किंवा गेल्या महिन्यातल्या न्यूमोनियाची खूणही असू शकते. त्यातच अतिवृद्ध मेंदूत एकच आजार क्वचित असतो: प्रथिनांचे थर असतात, लहान रक्तवाहिन्या तुंबलेल्या असतात, आणि पुष्कळ थर साचूनही काहींची बुद्धी शाबूत राहिलेली असते. इतक्या गोष्टी एकत्र आल्यावर एका ग्रंथीकडून खुलाशाची अपेक्षा करणे म्हणजे महापुराचे कारण एका ओढ्याला विचारणे आहे.

विस्मरणाच्या रुग्णांत उलटवता येण्याजोगी कारणे किती सापडतात, याचा एक एकत्रित आढावा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सुमारे ९ टक्के रुग्णांत तसे कारण आढळले. प्रत्यक्षात अंशतः वा पूर्णतः सुधारले ते ०.६ टक्के. मी हा आकडा बरेच दिवस कोणाला सांगितला नाही.

हे वाचून कोणी चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. टी-४ खाली आला असेल किंवा ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली असेल, तर ती गोळी आवश्यकच आहे, नव्वदीतही; टीएसएच दहाच्या वर गेला असेल, तर तिचा विचार डॉक्टरांनी करायचा असतो. फक्त तिथे सुरुवात अगदी लहान मात्रेने करतात, आणि आकडा स्थिरावायला सहा आठवडे द्यावे लागतात. आणि वृद्धाची बुद्धी काही दिवसांत एकाएकी ढासळली, तर संप्रेरकांच्या आधी जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी, आणि नवे सुरू झालेले औषध, ही तीन कारणे पाहायची असतात.

आईची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने बंद झाली. नाडी महिन्याभरात जागेवर आली आणि ती पुन्हा रात्री झोपू लागली. विस्मरण राहिले. सध्या मी तिच्या खोलीतला दिवा संध्याकाळी लवकर मंद करते, सकाळी तिला उजेडात बसवते, तिची ऐकण्याची यंत्रे रोज तपासते. यांतल्या कशाचाही आकडा अहवालात येत नाही.

गेल्या महिन्यात नियमित तपासणीचा अहवाल आला. यावेळी तो आईनेच उघडला, चष्मा पुसून, खिडकीशी बसून. टीएसएच ७.८. तिने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "हा जाड का छापलाय?" मी तिच्यापाशी बसले आणि सगळे सांगितले: पीयूषिका कशी हाक देते, लायडेनचे म्हातारे, साडेसाताची गोष्ट, आणि तिची स्वतःची ती तीन महिन्यांची जागरणे. दहा मिनिटे ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने कागदावर बोट ठेवले, त्या ज्येष्ठ डॉक्टरांनी ठेवले होते तिथेच, आणि विचारले, "पण मग ही चार पॉइंट दोनची रेघ कोणाची?"

"तरुणांची," मी म्हटले.

"मग माझ्या कागदावर कशाला?" ती म्हणाली. अहवालाची घडी घातली, चष्मा काढून डबीत ठेवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दार लावलंस का?"

"लावलंय."